खंडेनवमीचा नारळ

मी जन्माची घाबरट. लहानपणी कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की मी स्वयंपाकघरातून पळ काढायचे. अशा बाईने गॅसच्या भट्टीचा धंदा करावा, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. धाकटा भाऊ तर मला सरळ भागूबाईच म्हणतो. तो आणि मी मिळून डोंबिवलीच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचा गाळा चालवतो. लोखंडी वस्तूंवर रंगाची पूड फवारायची आणि भट्टीत भाजून ती पक्की करायची, एवढंच काम. भट्टी तो सांभाळतो. ऑर्डरी, बिलं, पार्ट्यांचे फोन आणि काळजी माझ्याकडे.

या भट्टीचं भय नेमकं कशाचं ते आधी सांगते. भट्टीला गॅसचा बर्नर असतो. बर्नरवर एक सेन्सर बसवलेला असतो आणि त्याचं काम फक्त ज्योतीकडे बघत राहायचं. ज्योत विझली की तो गॅस तोडतो. याला आमच्याकडे बर्नर ट्रिप झाला म्हणतात. मग आत साठलेला गॅस पंख्याने बाहेर काढायचा, थोडं थांबायचं, पुन्हा पेटवायचं. कधी सेन्सर मळतो, कधी हवा कमी पडते, आणि बर्नर सारखा ट्रिप होत राहतो. माल आत अर्धाकच्चा पडतो, पार्टी फोनवर फोन करते, आणि माणसाचं डोकं फिरतं. जुन्या पॅनेलमध्ये वायरचा एक तुकडा जोडून त्या सेन्सरला गप्प करता येतं. जंपर मारणं म्हणतात त्याला. एकदा जंपर मारला की बर्नर ट्रिप होत नाही. ज्योत विझली तरी होत नाही, आणि गॅस येतच राहतो.

हे मला पहिल्यांदा कुठे कळलं? खंडेनवमीच्या प्रसादाला.

आमच्या गल्लीत खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद असतात. धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून आपापल्या गाळ्यात पूजा होते आणि मग सगळे जण गल्लीतल्या सर्वांत जुन्या मालकांच्या शेडमध्ये जमतात. त्यांना सगळे काका म्हणतात. तिथे एक मोठा सामायिक नारळ फोडला जातो. तो फोडण्याचा मान ज्याचं वर्ष सगळ्यात चांगलं गेलं त्याचा. नारळ फोडला की त्याने उभं राहून सांगायचं, कसं काय जमवलं ते. मग टाळ्या, मग पुरीभाजी आणि श्रीखंड. ही पद्धत काकांनीच पाडली आणि त्यामागे त्यांचा हेतू चांगलाच होता. नव्या लोकांना हुरूप यावा, बास.

आम्ही नवे होतो त्या वर्षी पानं वाढल्यावर सगळ्यांच्या आग्रहावरून काकांनी स्वतःची जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. तरुणपणी त्यांच्याकडे पहिली मोठी ऑर्डर आली आणि नेमका बर्नर हटून बसला. माल गेला नसता तर धंदा तिथेच बसणार होता. काकांनी देवाचं नाव घेतलं, जंपर मारला आणि माल काढला. त्याच ऑर्डरीवर आज त्यांच्या शेडी उभ्या आहेत. "एकदाच केलं आयुष्यात," काका म्हणाले, "पण त्या दिवशी हिंमत केली नसती तर आज तुमच्यासमोर कोण उभं राहिलं असतं?" शेड टाळ्यांनी दणाणली. माझा भाऊ सगळ्यांत जोरात वाजवत होता. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली.

काकांबद्दल वाकडं बोलायची माझी जीभ वळत नाही. आम्हाला पहिलं काम त्यांनी मिळवून दिलं. पण त्यांची गोष्ट भावाच्या डोक्यात घर करून बसली. त्याला अशा गोष्टींचा नादच आहे. एकदा ठाण्याला एका नाट्यगृहात नवउद्योजकांसाठी भाषण होतं, तिथे मलाही ओढत घेऊन गेला. कोटातला एक माणूस स्टेजवर फिरत फिरत सांगत होता की जो घाबरला तो संपला. मी शेजारच्या खुर्च्यांकडे बघत होते. संपलेल्यांपैकी कुणी भाषणाला आलं असेल का, असा एक आगाऊ प्रश्न माझ्या मनात आला होता. भावाला विचारला तर म्हणाला, ताई, तू घरीच राहायला हवं होतंस.

आमच्या शेजारचा गाळा तेव्हा बंद होता. शटरला गंज चढलेला, वरच्या भिंतीवर काळा ओघळ. कुणाचा होता म्हणून मी एक-दोघांना विचारलं होतं. उत्तर ठरलेलं, "त्याचं जमलं नाही." आमच्या गल्लीतून जो कुणी गेला त्याच्याबद्दल हेच तीन शब्द. कुणी कंटाळून गेला, कुणी भागीदाराशी भांडून गेला, कुणी कसा गेला, सगळ्यांचं मिळून एकच, जमलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. काळा ओघळ मला पाण्याचा वाटला होता.

मग तो दिवस आला. जिमच्या सामानाच्या फ्रेम्सची मोठी ऑर्डर होती, संध्याकाळी पार्टीची गाडी येणार होती, आणि सकाळपासून बर्नर ट्रिप होत होता. भावाने सेन्सर पुसला, नळ्या तपासल्या. शेवटी म्हणाला की ब्लोअरच दम तोडतोय, बर्नरला हवा पुरत नाही. नवा ब्लोअर लगेच मिळणार नव्हता. भंगारवाल्याने एक नंबर दिला, टिटवाळ्याला एकाकडे चांगला ब्लोअर पडून आहे म्हणाला. मी ओळखीचा टेम्पो ठरवला आणि निघाले. निघताना भाऊ पॅनेल उघडून उभा होता. "तू ये घेऊन," तो म्हणाला, "तोवर बघतो काहीतरी करून." मी टेम्पोत बसले. त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

टिटवाळ्यात नव्या इमारतींच्या मागे एक जुनी बैठी चाळ आहे, तिथे तो माणूस पिठाची गिरणी चालवत होता. पन्नाशी उलटलेला, अंगभर पीठ. त्याच्या मानेवरची आणि उजव्या हातावरची कातडी आवळून चकचकीत झालेली होती. पीठ तिथे नीट बसत नव्हतं. मी नजर वळवली. गिरणीच्या मागे पोत्यांखालून त्याने ब्लोअर काढला, फडक्याने पुसला आणि लावून दाखवला. छान घुमत होता. कुठला गाळा म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं. त्याने बटण बंद केलं.

"म्हणजे माझ्या शेजारचा," तो म्हणाला.

काळा ओघळ कशाचा होता ते मला त्या क्षणी कळलं. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. मी त्यांना विचारलं, "दादा, काय झालेलं?"

त्यांनी गिरणीच्या कठड्यावर बसून शांतपणे सांगितलं. मेहुणा आणि ते, दोघांचा मिळून धंदा होता. काकांची गोष्ट त्यांनीही खंडेनवमीलाच ऐकली होती, त्याच शेडमध्ये. पुढे असाच बर्नर हटून बसला आणि असाच माल अडला. दादांनी जंपर मारला, माल काढला, वर्ष सोन्यासारखं गेलं. त्या खंडेनवमीला नारळ त्यांच्या हातात होता. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. एकदाच करायचं म्हणून केलेलं, पण ती वायर काढायची राहून गेली. काही होत नव्हतं ना. मग एक दिवस ज्योत विझली ते बराच वेळ कुणाला कळलं नाही. भट्टी गार पडलेली बघून मेहुण्याने पुन्हा पेटवायला बटण दाबलं आणि साठलेल्या गॅसचा भडका उडाला. तो भट्टीच्या दारासमोर उभा होता. दादा बाजूला होते.

वहिनी पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या. तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

मी विचारलं, गल्लीत हे कुणी कसं बोलत नाही? दादांच्या बोलण्यात राग नव्हता. काका हॉस्पिटलात रोज डबा घेऊन यायचे, हेही दादांनीच सांगितलं. पण पुढच्या खंडेनवमीला गाळाच नव्हता, मग त्यांना बोलावणार कोण? "मी सांगितलं असतं हो," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही. आज तुम्ही विचारलंत."

आणि मग मला भावाचं ते वाक्य आठवलं. बघतो काहीतरी करून.

मी तिथेच फोन लावला. रिंग जात राहिली, उचलला नाही. पुन्हा लावला. दादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता त्यांना कळलं. त्यांनी आणि टेम्पोवाल्याने मिळून ब्लोअर मागे टाकला. पैसे मी देत होते तर दादा म्हणाले, "ते मागनं बघू. तुम्ही पळा."

टिटवाळ्याहून डोंबिवलीचा तो रस्ता मी कधी विसरणार नाही. शहाडच्या पुलावर गाड्या खोळंबलेल्या. मी फोन लावतेय, रिंग जातेय. भट्टी, कॉम्प्रेसर आणि फवाऱ्याच्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. रोज संध्याकाळी मीच त्यावरून त्याच्याशी भांडते. तरी प्रत्येक रिंगला वाटत होतं, आता फोन आहे पण उचलायला माणूस नाही. काकांना लावला, तेही उचलेनात. टेम्पोवाला बिचारा मला धीर देत होता, काय झालंय ते त्याला धड माहीतही नव्हतं. कल्याणात पत्री पुलाच्या अलीकडे पुन्हा अडकलो. मी खिडकीतून मान बाहेर काढून डोंबिवलीच्या दिशेला धूर दिसतो का बघत होते. एमआयडीसीकडे कुठला ना कुठला धूर कायमच दिसतो. त्या दिवशी तो प्रत्येक धूर माझ्या भावाचा होता. आईला काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले होते. इतकी मी घाबरले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. आमचं शटर उघडं, भट्टी चालू. भाऊ भट्टीच्या दाराच्या अगदी समोर उभा राहून शेवटच्या फ्रेम्स ओढत होता. घामाने न्हालेला आणि खुशीत. मला बघून म्हणाला, "ताई, झालं. माल निघाला." मी सरळ पॅनेलकडे गेले आणि मेन स्विच पाडला. मग गॅसची चावी फिरवली. पॅनेलचं दार उघडंच होतं आणि आत पिवळ्या वायरचा बोटभर तुकडा अगदी नीट जोडलेला होता. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले.

"एकदाच गं," तो म्हणाला. "आणि काय झालं का? नाही ना झालं?"

काही झालं नव्हतं हे खरंच होतं. मी त्याला टिटवाळ्याचं सगळं सांगितलं. मेहुणा कुठे उभा होता ते सांगितलं तेव्हा त्याने आपल्या पायाखाली बघितलं आणि तो एक पाऊल बाजूला झाला. वायर त्यानेच काढली. टिटवाळ्याचा ब्लोअर बसवला, बर्नर शहाण्यासारखा चालायला लागला. दादांचे पैसे मी दुसऱ्याच दिवशी पोचते केले. पण ऑर्डर वेळेवर गेली होती. पार्टी खुश झाली आणि तिने वर्षभराचं काम आम्हाला दिलं. भावाने सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं, तरी थोड्या दिवसांनी चहाच्या टपरीवर काकांना सांगून टाकलंच. त्याला राहवेना. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर शेजारचा गाळा भाड्याने गेला. जागेच्या मालकाने आतून-बाहेरून पांढरा रंग मारून घेतला. चाळिशीचा एक गृहस्थ नोकरी सोडून आला होता. त्याने आमच्यासारखंच काम सुरू केलं आणि जुनं पॅनेल, जुना बर्नर कुठून तरी स्वस्तात आणला. आमची आणि त्याची भिंत एकच. मी जेवायला बसायचे ते त्याच भिंतीला टेकून. आता मी खुर्ची पलीकडे नेली.

खंडेनवमीला नारळ आमच्याकडे आला. भावाने फोडला, एका घावात. काका म्हणाले, "सांग रे, कसं जमवलंस." भाऊ आधी आढेवेढे घेत होता. मग लोकांच्या तोंडाकडे बघत बघत बोलायला लागला आणि बोलता बोलता रंगला. मी ऐकत होते. गोष्ट किती गुळगुळीत झाली होती! त्यात बर्नर होता, हिंमत होती, वेळेवर गेलेला माल होता. न उचललेला फोन त्यात नव्हता. जमिनीवर बसून रडणारी बहीण नव्हती. शेजारचा नवा माणूस पुढे सरकून, कान देऊन ऐकत होता.

टाळ्या सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले. मी म्हटलं, हेच काम आपल्याच गल्लीतल्या आणखी एकाने केलं होतं, त्यालाही हाच नारळ मिळाला होता, आणि पुढच्या वर्षी त्याचा मेहुणा… एवढंच बोलले असेन. काका मध्येच म्हणाले, "आज नको, ताई. सणाचा दिवस आहे. प्रसाद घ्या आधी." त्यांनी श्रीखंडाची वाटी माझ्यापुढे धरली. वाटी थरथरत होती. इतकी वर्षं मला वाटायचं की गल्लीत घाबरट मी एकटीच. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे सुटल्यासारखे वाजवायला लागले.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. भाऊ तिथेच होता आणि त्याच्याजवळ शेजारचा माणूस उभा होता. यंत्रं बंद होती म्हणून त्याचं हळू आवाजातलं बोलणंही मला ऐकू आलं. त्याचाही बर्नर दोन दिवस त्रास देत होता. दसरा झाला की लगेच त्याचा पहिला मोठा माल जायचा होता.

"वायर कुठली कुठे जोडलीत, तेवढं सांगा ना," तो भावाला म्हणत होता. "मला पण एकदाच करायचंय."

भावाने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो जन्मल्यापासून मी त्याला ओळखते, पण त्याला घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी त्या माणसाला म्हटलं, चला, तुमच्याच गाळ्यात दाखवते. त्याला वाटलं वायर दाखवणार, तो लगबगीने पुढे झाला. शटर वर केलं. त्याच्या भट्टीला माळ घातलेली होती, उदबत्तीचा वास होता. पॅनेल मी ओलांडून गेले. भट्टीच्या दारासमोरच्या भिंतीपाशी थांबले आणि घराच्या किल्लीने नवा पांढरा रंग खरवडायला लागले. "अहो, काय करताय," तो म्हणाला. पापुद्रे पडत गेले. खाली काळं लागलं. मी आणखी खरवडलं, आणखी काळं लागलं. ते वरपर्यंत गेलेलं होतं, माझा हात पुरेना.

"आपल्या गल्लीतला म्हणत होते ना मी," मी म्हटलं, "तो इथला. टाळ्या मिळाल्या त्यांनाही. मेहुणा तुम्ही उभे आहात तिथे उभा होता."

तो हलला नाही. कदाचित हलता येत नव्हतं. त्या काळ्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "मला गाळा देताना सांगितलं, आधीच्याचं जमलं नाही." "कोण होते ते? काय झालेलं नक्की?"

मी पदराला हात पुसले आणि फोन लावला. रिंग जायला लागली. पुन्हा तीच रिंग, शहाडच्या पुलावरची. उचलतील का? गिरणीच्या आवाजात त्यांनाही फोन ऐकू येत नाही. मग आठवलं, आज त्यांचीही गिरणी बंद असणार. तिलाही हळदकुंकू लावलेलं असणार.

पलीकडून हॅलो ऐकू आलं.

"दादा," मी म्हटलं, "एक जण विचारतोय," आणि फोन त्याच्या हातात दिला.